काळ्या खांबावरचा फोटो

आपल्या फोटोवर कुणीतरी राग काढतंय, हे पट्टीसाहेबांच्या लक्षात आलं तेव्हा ते खाली खाणीत, वॉर्डाच्या मधोमध उभे होते. फोटोवरच्या काचेला तडा गेला होता. फोटोतल्या साहेबांच्या कपाळावरून निघून, नाकाच्या शेंड्याला वळसा घालून, तो हनुवटीतून बाहेर पडला होता. साहेबांनी आधी चष्मा पुसला, मग काच पुसली. तडा जागचा हलला नाही. मग त्यांनी मागे वळून वॉर्डभर नजर फिरवली. कुणाच्या चेहऱ्यावर हसू सापडतंय का, ते बघत होते. पण सगळे शांतपणे श्वास घेत पडले होते. तिथे सगळे त्यासाठीच येत.

ही खाण मिठाची. मीठ काढणं केव्हाच थांबलं होतं, पण खालच्या कोरड्या खारट हवेत दमेकऱ्यांना बरं वाटतं असं दिसलं, म्हणून मिठाच्या पोटातच दवाखाना थाटला होता. लिफ्टच्या जाळीदार पिंजऱ्यातून खाली जायचं. खाली मिठात कोरलेली लांबलचक दालनं, मळकट पांढऱ्या भिंती, ओळीने खाटा. नवा पेशंट पहिल्याच दिवशी कुणी बघत नाही असं बघून भिंत चाटून घ्यायचा. सगळ्यांनी चाटलेली होती. साहेबांनीही.

साहेबांची आईही याच वॉर्डात होती. वर जमिनीवर तिच्या छातीत किटली ठेवल्यासारखी शिट्टी वाजायची. दोन वाक्यं बोलली की तिसऱ्याला दम पुरायचा नाही. खाली मात्र ती तान्ह्या पोरासारखी झोपायची आणि जागी झाली की मुलाची उणीदुणी काढायला तिला भरपूर श्वास असायचा. तिच्यासाठीच साहेबांनी वरची ऐसपैस खुर्ची सोडून या भुयाराची देखरेख पत्करली होती. ती जगली पाहिजे, आणि ती जगते ती फक्त खाली, एवढाच त्यांचा हिशोब होता. बाकी सगळं त्यांना त्यापुढे किरकोळ वाटायचं, आणि तिथेच घोळ झाला.

दवाखाना सुरू करण्याआधी दगडांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई येऊन गेल्या होत्या. त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना गोळा करून समजावलं होतं, की दाब सगळ्याच दगडांवर येतो, पण प्रत्येकाची मोडायची तऱ्हा वेगळी. भिंतींचं मीठ तडकत नाही. ते मेणासारखं सरकतं, कुणाला न सांगता खोलीत पुढे पुढे येतं. छताचा दगड पापुद्र्यांचा. तो दिवसभर करकरतो, मधूनच एखादी खपली टाकतो. तो बोलतोय तोवर फारसं भ्यायचं कारण नाही. आणि वॉर्डाच्या मधोमध छताला टेकू देऊन उभा असलेला काळा खांब. तो इतका टणक की जुन्या खाणवाल्यांनी छिन्न्या मोडून शेवटी त्याचा नाद सोडला होता. बाईंनी त्याच्यावर हात ठेवला आणि आवाज उगाचच खाली आणला. हा काही बोलत नाही, म्हणाल्या. सगळं आत ठेवतो आणि एकदाच काय ते बोलतो.

यावर सिस्टर म्हणाली होती, की हे तिन्ही तिच्या घरात आहेत. सासू म्हणजे छत, नवरा म्हणजे भिंत.

"आणि तिसरं?" सुताराने विचारलं होतं.

"तिसरी मी," सिस्टर म्हणाली, आणि इंजेक्शनांचा ट्रे उचलून गेली. सुतार त्यानंतर तिच्याशी अदबीने बोलायचा.

काळ्या खांबावर केसाएवढी एक जुनी भेग होती. बाईंनी त्या भेगेवर आडव्या अशा काचेच्या पट्ट्या सिमेंटने चिकटवून घेतल्या. भेग जराशी जरी हलली तरी काच तुटणार. तुटली, की ती लिफ्टवाल्याला नेऊन दाखवायची. त्याने मग हातातलं काम टाकून सगळ्यांना वर न्यायचं. जाता जाता बाई एवढंच म्हणाल्या, की काच तुटल्यावर मीटिंग घेऊ नका.

काच तुटली. सगळ्यांना वर नेलं. उन्हात खाटा मांडल्या, धुळीत सगळे खोकत बसले, आणि खाली काही म्हणजे काही झालं नाही. थोड्या दिवसांनी पुन्हा तुटली, पुन्हा तीच वरात. त्या खेपेला आईचे ओठ जांभळे पडले. तिसऱ्यांदा तुटली तेव्हा ती काही बोललीच नाही, नुसती साहेबांचा हात धरून त्यांच्याकडे बघत राहिली. ती नजर साहेबांच्या डोक्यातून जाईना. त्यांनी खूप विचार केला आणि विचाराअंती त्यांना दिसलं, की या सगळ्या हालांचं मूळ एकच आहे: काच तुटते.

मग त्यांनी न तुटणारी पट्टी शोधून काढली.

दवाखाना चालवणाऱ्या मंडळापुढे त्यांनी ती टेबलावर आपटून दाखवली, वाकवून दाखवली, तिच्यावर उभे राहून दाखवलं. काचेसारखीच स्वच्छ, पण प्लास्टिकची. मंडळातल्या एका सभासदाने भीत भीत विचारलं, की पट्टी तुटणारच नसेल तर भेग हलली हे कळणार कसं. अध्यक्षांनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याच्या हातातलं बिस्किट चहात गळून पडलं आणि तो पुढचा सगळा वेळ चमच्याने ते शोधत बसला. ठराव पास झाला. साहेबांचं नाव पट्टीसाहेब पडलं ते त्या दिवसापासून. नाव ठेवणाऱ्यांचा हेतू काही का असेना, साहेबांना ते आवडलं.

गौरव म्हणून त्यांचा फोटो वॉर्डात लावायचं ठरलं. आणि कुठे, तर काळ्या खांबावर, नेमका भेगेवर, कारण अध्यक्षांना ती भेग बघवत नव्हती. सुताराने खिळा ठोकायला घेतला, खिळा वाकला. दुसरा वाकला, तिसरा उडून दिव्याला लागला. शेवटी जुन्या पट्ट्यांचं उरलेलं सिमेंट भिजवून फोटो काचेसकट चारी कोपऱ्यांवर खांबालाच चिकटवून टाकला. कामाला पक्का माणूस तो. म्हणाला, आता खांब गेला तरच साहेब जातील.

त्यानंतर एकही पट्टी तुटली नाही. आईला वर न्यावं लागलं नाही. तिने चांगलं बाळसं धरलं.

भिंती मात्र येत होत्या. खाट आणि भिंत यांच्यात आधी सिस्टर चालत जायची, मग आडवी होऊन जायची, मग जाईनाशी झाली. ओळीतल्या खाटा बसेनात तेव्हा साहेबांनी सुताराला सांगून त्या पायथ्याकडून थोड्या कापून घेतल्या. मग आणखी थोड्या. सुतार म्हणाला, आता पुढच्या खेपेला पेशंटच कापायचे. आईची काठी तिच्या उशाच्या कोपऱ्यात टेकवलेली असायची; खाली तिला ती लागायचीच नाही. एक दिवस सिस्टर झाडताना ती उचलायला गेली तर उचलेना. भिंतीने काठी अर्धीअधिक आत घेतली होती. मीठ तिच्याभोवती अगदी नीट, घडी घातल्यासारखं बसलं होतं.

आणि पट्ट्या वाजायला लागल्या होत्या. पंख्याचा वारा आला की खांबावरून बारीक गुणगुण यायची. सिस्टरचं म्हणणं पडलं, की हा सूर दर आठवड्याला जरा वर चढतोय. साहेबांनी ऐकलं आणि म्हणाले, चांगलं आहे, पेशंटना झोप लागते. झोप लागत होती हे खरंच. सगळा वॉर्ड त्या सुरात एकदम श्वास घ्यायचा आणि एकदम सोडायचा. दारातून ते ऐकलं की अंगावर काटा यायचा, पण साहेब दारात फारसे थांबायचे नाहीत.

अशा सगळ्या आनंदात फोटोची काच तडकली होती.

साहेबांचा पहिला संशय सुतारावर. त्याला बोलावून आडून आडून विचारलं, की तुझा हातोडा कुठे असतो. सुतार म्हणाला, हातात. यातून पुढे काही निघेना. नवी काच आणली, तशीच चिकटवली. ती तडकली, त्याच कपाळावरून, त्याच नाकाला वळसा घालून. आता साहेबांना राग आला. एकदा तोडणं हा खोडसाळपणा झाला, पण नेमकं त्याच रेषेत पुन्हा तोडायचं म्हणजे माणूस सराव केलेला पाहिजे. संशय मग सिस्टरकडे वळला, कारण ती गप्प असायची. तिला विचारायची मात्र साहेबांची छाती झाली नाही.

तिसरी काच लावली आणि त्यांनी ठरवलं, की आता स्वतःच पहारा द्यायचा. दुपारचं जेवण उरकून ते आईच्या खाटेवर येऊन बसले. तिथून फोटो अगदी समोर. त्या दिवशी अध्यक्ष पाहुणे घेऊन न तुटणारी पट्टी बघायला यायचे होते. तेवढ्यात चोर हाती लागला तर पाहुण्यांसमोरच उभा करू, असा त्यांचा बेत.

आई उशीला टेकून बसली होती. तिने विचारलं, की छताला काय झालंय.

साहेब म्हणाले, काही नाही.

"तेच म्हणतेय. सकाळपासून काही नाही. एरवी किती कटकट असते त्याची."

साहेबांनी वर बघितलं. खरंच, करकर नव्हती. पंखा फिरत होता, पण पट्ट्यांची गुणगुणही थांबली होती. पट्ट्या धनुष्याच्या दोरीसारख्या ताणलेल्या, अगदी स्तब्ध होत्या. वॉर्डात इतकी शांतता होती, की कुणीतरी पलीकडच्या खाटेवर कूस बदलली तरी घोंगडी घासल्याचा आवाज आला.

आणि त्यांच्या डोळ्यांसमोर फोटो तडकला. आवाज नाही, धक्का नाही. कपाळावर एक रेघ उमटली, कुणी नखाने ओढावी तशी सावकाश खाली आली, नाकाशी क्षणभर थांबली, वळली आणि हनुवटीतून गेली. खांबाला हात पोचेल इतक्या जवळ कुणी नव्हतं.

"हं," आई म्हणाली. "असंच."

साहेब तिच्याकडे वळले. त्यांनी विचारलं, असंच म्हणजे काय.

"म्हणजे आधीही असंच. कुणी येत नाही रे. मी तुझ्याकडे तोंड करूनच झोपते ना."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू सुताराला विचारलंस."

साहेब उठले. दोन पावलांत खांबाशी गेले आणि तिथे त्यांना सगळं दिसलं, जे लहान पोराला पहिल्या दिवशी दिसलं असतं. अख्ख्या खांबावर साधी काच होती ती एवढीच, आणि ती त्यांनी स्वतःच्या तोंडावर लावून घेतली होती. खांब इतके दिवस त्यांना सांगत होता आणि ते सुताराचा हातोडा शोधत होते.

ते धावत लिफ्टशी गेले. लिफ्टवाला जाळीचं दार लावून, डोक्याला तेल चोपडून बसला होता, कारण पिंजरा अध्यक्षांसाठी राखून ठेवला होता. साहेबांनी सांगितलं, की सगळ्यांना आत्ताच्या आत्ता वर न्यायचं. लिफ्टवाल्याने शांतपणे हात पुढे केला.

"पट्टी?"

साहेब म्हणाले, पट्टी तुटलेली नाही. लिफ्टवाला म्हणाला, मग प्रश्न मिटला. मागे एकदा त्याने पट्टी न बघता पेशंट वर नेले होते तेव्हा साहेबांनीच त्याला सगळ्यांसमोर झाडला होता. त्या दिवशीचे शब्द त्याला पाठ होते, ते त्याने साहेबांना म्हणून दाखवले. एकही शब्द चुकला नाही.

तेव्हा साहेब परत वॉर्डात धावले, सुताराच्या हातातला हातोडा हिसकावला आणि स्वतःच्या पट्टीवर घाव घातला. पट्टी नुसती थरथरली आणि हातोडा उलटून त्यांच्या नडगीवर बसला. लंगडत त्यांनी दुसरा घाव घातला, तिसरा घातला. पेशंट उठून बसले. पाहुणे यायच्या आधीची रंगीत तालीम चाललीय असं त्यांना वाटलं, आणि चौथ्या घावाला कोपऱ्यातून टाळ्या पडल्या. साहेब घामाघूम होऊन ओरडत होते, की ही तुटली पाहिजे, आणि टाळ्या वाढत होत्या. सिस्टर तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती खांबाकडे बघत होती. बघता बघता तिने न बोलता पेशंटच्या पायात चपला चढवायला सुरुवात केली.

"सोन्या," आईने हाक मारली. भर वॉर्डात हे नाव ऐकून टाळ्या थांबल्या. "ती राहू दे. तू तुटलायस ना? मग तुलाच घेऊन जा."

सुताराने छिन्नी लावली. फोटो निघाला, पण अर्धाच. साहेबांचा डावा डोळा, अर्धं नाक आणि कान हातात आला, उरलेले साहेब खांबावरच राहिले. फोटोमागची भेग आता केसाएवढी नव्हती. साहेबांची करंगळी आत गेली. दगड आतून कोमट होता. त्यांनी कान लावला. आत काहीसुद्धा नव्हतं, इतकं काहीसुद्धा नव्हतं की त्यांनी कान चटकन काढून घेतला.

लिफ्टवाल्याने ती अर्धी काच हातात घेतली, उजेडात धरली, साहेबांच्या तोंडाशी ताडून बघितली.

"काच आहे," तो म्हणाला. "तुटलेली आहे." आणि त्याने दार उघडलं.

पिंजरा वर-खाली होत राहिला. शेवटच्या खेपेला आई, सिस्टर, सुतार आणि साहेब उरले. आईला तिची काठी हवी होती. साहेबांनी दोन्ही हातांनी ओढली, भिंतीला पाय देऊन ओढली. त्यांना वाटलं, पलीकडून कुणीतरी तितकंच हळूच ओढतंय. त्यांनी काठी सोडली आणि आईला उचललं.

वर उन्हात अध्यक्ष उभे होते, पाहुणे उभे होते, आणि आपल्याला खाली घेऊन जायच्या पिंजऱ्यातून एकामागून एक आजारी माणसं बाहेर येताहेत हे बघून त्यांची तोंडं उतरली होती. अध्यक्षांनी एकच प्रश्न विचारला, की पट्टी तुटली का. साहेब म्हणाले, नाही. अध्यक्ष पाहुण्यांकडे वळून हसले आणि म्हणाले, की मग सगळ्यांना परत खाली न्या.

इकडे आईच्या छातीतली शिट्टी सुरू झाली होती. ओठांचा रंग जायला लागला. काही झालं नव्हतं. मागच्या तिन्ही वेळांसारखंच काही झालं नव्हतं. ऊन होतं, धूळ होती, पिंजऱ्याचं दार उघडं होतं, आणि खाली हवा होती. आईने त्या दाराकडे बघितलं, मग मुलाकडे. बोलायला तिच्याजवळ श्वास नव्हता. साहेबांच्या मनात आलं, की आपलं चुकलं असेल. फोटोच तो, सिमेंट आटलं असेल. तिला उचलून आत बसवलं तर ती वाचेल, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचे हात पुढे झालेही.

पण करंगळीला अजून तो कोमटपणा लागलेला होता. ते आईला छातीशी धरून पिंजऱ्याच्या उंबऱ्यात फतकल मारून बसले, दार अडवून. अध्यक्ष म्हणाले, उठा. ते उठले नाहीत. अध्यक्षांनी लिफ्टवाल्याला सांगितलं, यांना उठव. लिफ्टवाला म्हणाला, की त्याने काच बघितलीय, आता दुसरं काही बघेपर्यंत त्याला काही करता येत नाही.

आधी पायांना कळलं. जमीन एकदाच, खालून कुणी मूठ मारावी तशी उचलली गेली. आवाज असा नव्हताच; कानात कापूस कोंबल्यासारखं झालं. पिंजरा हिसका देऊन जागच्या जागी नाचला. आणि मग त्या खोल विहिरीतून हवा वर आली. लांब, थंड, खारट, संपता न संपणारी. पाहुण्यांच्या टोप्या उडाल्या, अध्यक्षांचं भाषण कागदासकट झाडावर जाऊन बसलं, सगळ्यांच्या अंगावर पांढरं पीठ उतरलं. खाणीतली सगळी हवा, वॉर्डभर कोंडून ठेवलेली, त्या एका निःश्वासात बाहेर पडत होती, आणि तिच्या तोंडाशी साहेबांची आई डोळे मिटून, तोंड उघडून ती घेत होती. शिट्टी थांबली. ओठांवर रंग आला.

नंतर दिवे सोडून खाली बघितलं तेव्हा दालन नव्हतं, पण ढिगाऱ्यात पट्ट्या सापडल्या. एकही तुटलेली नव्हती. मंडळाने पट्टीचं खास कौतुक केलं.

साहेबांनी खाणीच्या तोंडाजवळच दोन खोल्या घेतल्या. पिंजरा काढून तिथे आता जाळी बसवली आहे. खाण अजून श्वास घेते. हवामान बदललं की कधी आत ओढते, कधी बाहेर सोडते. बाहेर सोडायला लागली की आई जाळीशी खुर्ची टाकून बसते आणि तेवढ्यावर तिचे पुढचे दिवस निघतात. कळावं म्हणून साहेबांनी जाळीला पातळ कागदाची एक पट्टी बांधली आहे. ती बाहेर उडाली की खुर्ची आणायची.

पण मीठ खाली अजून सरकतंय. उरलेल्या पोकळ्या भरत चालल्या आहेत. कागद पूर्वी फडफडायचा, मग नुसता हलायचा, हल्ली कित्येक दुपारी सरळ लोंबतो. आई विचारते, की आज बाहेर आहे का रे. साहेब म्हणतात, आहे ना, बघ. आणि तिच्या खुर्चीमागून वाकून, कागद आणि जाळीच्या मध्ये तोंड नेऊन, हळूच फुंकर घालतात. कागद आईकडे उडतो. ती समाधानाने श्वास घेते, किंवा तसं दाखवते.

परवाही ते असेच फुंकत होते. चांगले गाल फुगवून फुंकत होते. आणि कागद त्यांच्या फुंकरीला न जुमानता, सावकाश, उलटा आत वळला आणि जाळीला चिकटून बसला.

"फुंकू नकोस, सोन्या," आई पुढे बघतच म्हणाली. "ती आत घेतेय. सोडेल."

साहेबांनी श्वास आवरला. आईनेही आवरला. दोघं त्या कागदाकडे बघत बसून राहिली.